हिरव्याला चिठ्ठी नाही

सन दोन हजार पंचवीस. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मी तेव्हा एकाहत्तरीचा. दाखल्यावर एक जून आहे, पण ती तारीख मास्तरांची; आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली. आईच्या हिशेबानं मी त्याहून थोरला. शाळा चौथीत सुटली. ती मी सोडली, मास्तरांनी काढलं नाही, हेही लिहून ठेवतो, कारण गावात उलटं सांगणारे आहेत.

गाव कर्जत तालुक्यातलं. लिंबाची बाग आहे, दुधाच्या गाया आहेत. मुलगा पुण्याकडं कंपनीत, सून तिकडंच. नात मात्र लहानपणापासून आमच्यापाशी वाढली.

गावात आरोग्याचं उपकेंद्र आहे. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. नर्सबाई कायम असते. डॉक्टरांचा वार मंगळवार. गाडी बिघडली, मीटिंग लागली, की पुढचा मंगळवार. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नव्हतं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर उपकेंद्रात टॅब आला. गावानं त्याला पाटी म्हटलं, आकार पाटीचाच होता म्हणून. ही पाटी बोलायची. आवाज बाईचा, रेडिओवर बातम्या सांगाव्यात तसा स्वच्छ. ताप येतो का, घाम येतो का, वजन उतरलं का, असं एकेक विचारायची आणि मग म्हणायची, आता खोका. माणूस खोकला की जरा वेळ गप्प राहायची आणि रंग दाखवायची. लाल, पिवळा, नाहीतर हिरवा. नर्सबाई सांगायची, पुष्कळ माणसांचे खोकले ऐकून ती शिकली आहे, छातीचा रोग आवाजावरून ओळखते. लाल किंवा पिवळा आला की पाटीतूनच तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी निघायची, आणि तिथं छातीचा फोटो फुकट. हिरवा आला की घरी. हिरव्याला चिठ्ठी नव्हती.

सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलं की हाच विषय. एकाला पिवळा आला, तर दुसरा त्याला म्हणाला, "थांब आता. हिरवा पडंस्तोवर गाडी पुढं घ्यायची न्हाई." मीही हसलो होतो. यंत्राशी माझं भांडण नव्हतं.

आमच्या घरात खोकला होता तो बायकोला. दिवाळीपासून. पहाटे धारा काढताना खोकायची, रात्री आडवी झाली की खोकायची. आणि तिसऱ्या प्रहरानंतर अंगात कसर.

कसर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या एका शब्दावरून झालं. आमच्याकडं ताप म्हणजे माणसाला अंथरूण धरायला लावतो तो. अंग नुसतं कोमट आहे, डोळे चुरचुरतात, भाकरीला चव लागत नाही, पण हातपाय चालतात, ती कसर. कसर असली तरी बाई धारा काढते, चूल पेटवते, लिंबं तोडायला जाते. कसर अंगात असताना मला ताप आहे असं म्हणणारी बाई आमच्या भागात तरी मी पाहिली नाही. तसं म्हणणं म्हणजे काम चुकवणं.

फाल्गुनात मी तिला उपकेंद्रात घेऊन गेलो. नर्सबाईनं पाटी तिच्यापुढं ठेवली. पडवीत आणखी चारदोन माणसं बसलेली, त्यामुळं बायकोनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

पाटीनं विचारलं, "आपल्याला ताप येतो का?"

"न्हाई बाई. ताप कशाचा? जराशी कसर असती सांजंला."

"धन्यवाद. आपले वजन कमी झाले आहे का?"

"वजन कुनी केलंय?"

"धन्यवाद. रात्री घाम येतो का?"

"या दिसांत कुनाला येत न्हाई? तुला येत न्हाई का?"

पडवीतली माणसं हसली. पाटी म्हणाली, "धन्यवाद. आता कृपया तीन वेळा खोका."

बायकोनं पदराचा बोळा तोंडावर धरला आणि तीनदा अगदी हळू, मांजरानं शिंकावं तशी खोकली. चार पुरुषांच्या देखत बाई दुसरं काय करणार? पाटी गप्प राहिली आणि तिनं हिरवा दाखवला.

बायको इतकी खूश झाली की पाटीलाच म्हणाली, "बरं बाई, येते मी."

नर्सबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आजींचा फोटो काढायला पाहिजे. माझं मन सांगतंय."

"मग काढा चिठ्ठी."

"निघत नाही. हिरव्याला ती चिठ्ठीच देत नाही. आधी मी हातानं लिहायचे, आता ते चालत नाही. सगळ्यांनाच तालुक्याला पाठवलं तर तिथं रांग हलत नाही, म्हणून वरून असं आलंय."

"म्हंजे तुमच्या डोळ्यावर तुमचाच हक्क न्हाई?"

तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता, तरी मी थोडा ओरडलो.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, नगरला खाजगी डॉक्टरकडं जाऊ. तिथं कुणाच्या चिठ्ठीचं काम नाही. ती म्हणाली, "हिरवा आलाय न्हवं? मंग? का तुमाला लालच पायजे हुता?"

"तुला कसर येती का न्हाई?"

"येती. तुमची आईबी कसरीतच दळन दळायची."

"आई गेली बी तशीच."

"तुमच्या बोलण्यानं गेली ती."

तिचं खरं कारण वेगळं होतं आणि ते मला ठाऊक होतं. नातीची सोयरीक चालली होती. श्रीगोंद्याकडचं घर, माणसं दोनदा येऊन गेलेली. आजीला छातीचा रोग निघाला, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर पोरीचं काय, या धास्तीनं तिला हिरवा रंग देवाच्या कौलासारखा वाटला. तोवर तिला दवाखान्याची भीती होती. आता तिच्या बाजूनं सरकारी यंत्र उभं राहिलं. मी एक सांगायचो, ती म्हणायची, "तुमी शिकल्याला का पाटी शिकल्याली?"

बायको काही म्हैस नव्हे, की दावं धरून ओढत न्यावी. चैत्र लागला. तिच्या हाताची बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली. वजन कुणी केलं नव्हतं, पण बांगडी दिसत होती. मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं ते मनावर घेतलं नाही.

अशात ग्रामपंचायतीच्या स्पीकरवर पुकारलं, की नगरहून साहेब येणार आहेत, उपकेंद्रातल्या यंत्राबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला. अशी यंत्रं पुढं सगळ्या गावांत द्यायची का, द्यायची तर कोणत्या नियमानं, हे ठरायचं होतं. मी ठरवून गेलो, की पाटी बंद करायला सांगायची. बंद झाली की नर्सबाईचा हात मोकळा होईल आणि बायकोचा आधारही जाईल. माझ्या डोक्यात एवढंच होतं.

शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. साहेब तरुण होते, बोलणं नीट होतं. म्हणाले, "आमच्याकडे दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, यंत्राची पूर्ण पारख होईपर्यंत ते गरीब माणसावर वापरू नये, चूक झाली तर जीव त्याचा जातो. दुसरे म्हणतात, जिथे डॉक्टरच पोचत नाही तिथे पारख होईपर्यंत थांबा असं सांगणं हाही अन्यायच. तुम्ही वापरलंय, तुम्ही सांगा."

मी उठलो. टोपी नीट केली. कसर म्हणजे काय ते सांगितलं, पाटीनं काय विचारलं, बायकोनं काय सांगितलं, सगळं जसंच्या तसं सांगितलं. वजन कुनी केलंय, इथं हॉल हसला. हिरवा आला म्हटल्यावर हसणं थांबलं. मी म्हणालो, "साहेब, तुमच्या पाटीला ताप कळतो, कसर कळत न्हाई. आमच्या बायका तापात कधी नसत्यात, कसरीतच मरत्यात. जिला आमची बोली कळत न्हाई तिनं आमाला घरी जा म्हनू नये. बंद करा ती."

साहेब बराच वेळ लिहीत होते. म्हणाले, "ही गंभीर गोष्ट आहे. असं असेल तर तूर्त ती बंदच ठेवावी लागेल."

मी खाली बसलो. बायकांच्या बाजूला पाहिलं तर तिथं आमची बायको. ती येणार हे मला माहीत नव्हतं. नातीशेजारी बसली होती, आणि माझ्याकडं बघत नव्हती.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, ऊसतोडीला जाणारी. दिवाळीनंतर नवरा-बायको कोयता घेऊन कोपरगावकडं जातात ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परततात. म्हणाली, "साहेब, बंद करू नका."

"का?"

"आमी फडावरनं आलो तवा मालक खोकत हुते. आदीबी खोकायचे. दर साली नर्सबाई म्हनायची, मंगळवारी या. आमी फडात न्हाईतर दुसऱ्याच्या रानात, मंगळवार आमच्याकडं कवा येतच न्हाई. ह्या बारीला पाटीपुढं खोकले, लाल आला, दुसऱ्या दिशी गाडी. आता गोळ्या चालू हायेत, भाकरी खात्यात." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आबा, तुमच्या घरचं चुकलं, व्हय. पन तुमचं पोरगं पुन्याला हाय. पाटी बंद झाली तर तुमी नगरला जाल. आमी कुठं जाऊन खोकायचं?"

आता लोक माझ्यावर हसले. मला ते खपलं नाही. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "मंग तुझ्या नवऱ्यापायी माझ्या बायकोनं मरायचं का?"

असं बोलायला नको होतं असं पुष्कळांनी मला नंतर सांगितलं. मला तसं आजही वाटत नाही. प्रश्न तोच होता, मी तो तोंडावर विचारला.

ती बाईही काही गप्प बसणारी नव्हती. "कुनी मरायचं न्हाई. तुमच्या घरच्यांनी मरायचं न्हाई, माझ्याबी. पाटीनं लाल म्हनावं, बोलवावं, लई चांगलं. घरी धाडायचं काम तिला कशाला दिलंय?"

नर्सबाई भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तेच म्हणायचंय. हिरवा आला तरी मला वाटलं तर मी पाठवू शकले पाहिजे."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "मग तालुक्याला दुप्पट माणसं जातील. तिथे फोटो काढणारा एकच आहे. खरा आजारी माणूस रांगेत मागे पडेल, त्याचं काय?"

"रांगेत बसू की," ऊसतोडीची बाई म्हणाली. "रांग तरी आसंल. आमाला अजून रांगच मिळाली न्हवती."

मी म्हणालो, "रांगेत बी आजारी मानूस किती येळ बसनार?" त्यावर ती मला काही बोलली, मी तिला काही बोललो. दोघांचं एकमत काही झालं नाही. मी बंद करा म्हणालो होतो, ते शब्द मी मागं घेतले नाहीत. तिनंही तिचे घेतले नाहीत. साहेब दोन्ही लिहून घेत होते.

शेवटी ते म्हणाले, "यंत्र तूर्त चालू राहू दे. नियम बदलणं माझ्या हातात नाही, मी वर कळवीन. तोपर्यंत हिरव्यालाही सिस्टरनी गरज वाटेल तिथे हातानं चिठ्ठी द्यावी. मी सांगतोय."

नर्सबाई म्हणाली, "सांगू नका साहेब, लिहून द्या."

"अहो, सगळ्या गावासमोर सांगतोय."

"तालुक्याच्या दवाखान्याच्या खिडकीवर चिठ्ठीसोबत गाव येणार नाही साहेब."

लोक पुन्हा हसले. साहेबही हसले आणि त्यांनी दोन ओळी लिहून खाली सही केली. मग त्यांनी आणखी एक विचारलं: यंत्राला इथली बोली कळावी म्हणून इथल्या लोकांचे आवाज भरून घ्यावे लागतील, कोण देईल? आवाजाला नाव जोडणार नाही, असं म्हणाले.

मी म्हणालो, "नाव कशाला लागतंय? कोन खोकतंय ते गावाला भिंतीपल्याडनं कळतं. तो आवाज कुठं जानार, कोन ठेवनार, आनि आमी परत मागितला तर मिळनार का, ते सांगा."

साहेबांना ते नीट सांगता आलं नाही. तेही त्यांनी लिहून घेतलं. त्या दिवशी आवाज कुणी दिला नाही.

संध्याकाळी घरी बायकोनं भाकरी थापल्या, ताट वाढलं आणि ताटावरच सुरू केलं. "माझी कसर गावाला वाटून आलात."

"मंग काय करायचं हुतं?"

"बायकांत बसले हुते मी. समद्या माझ्या हाताकडं बघाय लागल्या." तिनं बांगडी वर ओढली, ती खाली आली. "आता श्रीगोंद्याला कळायला किती येळ?"

नात तव्यापाशी होती. ती म्हणाली, "आजी, त्यांनला कळायचं ते कळू दे. तू रात्री खोकतीस ते मला समदं ऐकू येतं. त्या घरात मला झोप लागनार हाय का?"

बायकोनं माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली. मग मला म्हणाली, "न्हाई गेले तर लोक म्हनतील, हिला ठावं हुतं आनि लपिवलं. समदं करून ठेवलंत तुमी."

हो म्हणायची तिची तीच रीत आहे. लग्न झाल्यापासून ती कधी नुसतं हो म्हणालेली नाही.

श्रीगोंद्याचं ते घर पुढं खरंच फिरकलं नाही. नातीची सोयरीक दुसरीकडं जमली, पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा मी काढल्या. नर्सबाईकडून हातानं लिहिलेली चिठ्ठी घेतली, साहेबांच्या दोन ओळींची झेरॉक्स तिला जोडली, आणि आम्ही दोघं कर्जतच्या एसटीत बसलो.

दवाखान्याच्या खिडकीवर एक तरुण बाई होती. चिठ्ठी उलटीपालटी करून म्हणाली, "ही चालत नाही. टॅबवरची आणा, तिच्यावर नंबर असतो."

"ह्याच्यामागं साहेबाचा कागद हाय."

"मला असं काही आलेलं नाही आजोबा. बाजूला व्हा, मागं लोक आहेत."

बायको माझी बाही ओढायला लागली. "चला. बगितलं न्हवं? चला घरी." तिच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता, तो मला ओळखू आला. त्या दिवशी परत फिरलो असतो तर ती पुन्हा त्या एसटीत बसली नसती.

मी खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकली आणि तिथंच उभा राहिलो. मागची माणसं बोलायला लागली. एक म्हणाला, "ओ बाबा, बापाची खिडकी हाय का?" मी म्हणालो, "बापाचीच हाय, तुझ्या बी आनि माझ्या बी. हिचा फोटू निघाला की सोडतो." शिपाई आला. त्यानं माझ्या दंडाला हात लावला. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं, त्यानं हात काढला. मग ती बाई चिडून आत गेली, कुणाला तरी फोन लावला, सहीचं नाव वाचून दाखवलं, हो हो केलं, आणि परत येऊन चिठ्ठीवर शिक्का मारला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजी, शेवटची खोली."

रांग होती. ऊसतोडीची बाई म्हणाली होती तशी बसायची रांग. बसलो.

फोटो काढणारा मुलगा बायकोला आत घेऊन गेला. बाहेर आला तेव्हा त्यानं मला बोलावलं. पडद्यावर तिच्या बरगड्या दिसत होत्या. उजव्या बाजूला वर, धुकं धरावं तसा डाग. आधी संगणकानं त्यावर चौकोन काढला होता. मग आतल्या खोलीतून डॉक्टर आले, चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "बेडका तपासायला द्या. बहुतेक गोळ्या सुरू कराव्या लागतील. बरं झालं आत्ता आणलंत, सहा महिने गोळ्या घेतल्या की निघतं हे."

बायकोनं पदर तोंडाला लावला. ती खोकली नाही.

डॉक्टर मला म्हणाले, "बाबा, एका घरात राहता, तुमचाही काढायला पाहिजे. घरात आणखी कोण आहे?"

"नात."

"तिलाही पाठवा."

"मला काय झालेलं न्हाई."

"तेच बघायचंय."

मी विचारलं, "माझा बी आदी ह्यो संगणकच बघनार का?"

"आधी तो, मग मी."

"दोघं?"

"दोघं."

बायको म्हणाली, "काढा की आता. गावाफुडं बोलताना लाज वाटली न्हाई, हितं कशाची वाटती?"

मी टोपी काढून तिच्या हातात दिली. सदरा काढला, बंडी काढली. त्या मुलानं मला गार पत्र्याला छाती लावून उभं केलं, खांदे पुढं ढकलले आणि हनुवटी वर करायला सांगितली. बाहेर जाऊन काचेमागून ओरडला, श्वास धरा. मी धरला.